पंचवीस हजारांत पहिला डीजे कंट्रोलर

प्रश्न आलाय तो थोडक्यात असा. मुलगा वीस वर्षांचा, विट्याजवळच्या गावातला, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. दोन वर्षं मोबाईलवरच्या ॲपवर गाणी जोडतोय. हळदी-वरातीच्या सुपाऱ्या घ्यायच्या आहेत, जमलं तर पुढे पुण्यात क्लबमध्ये वाजवायचंय. साठवलेले २५,००० रुपये आहेत, घरात मोठ्या भावाचा जुना लॅपटॉप आहे. विचारतोय, "दादा, कुठला कंट्रोलर घेऊ? आणि सिंक बटण असताना बीट जुळवायला शिकायची खरंच गरज आहे का?"

तुझा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यावरच ठरतं.

कंट्रोलर म्हणजे लॅपटॉपवरचं डीजे सॉफ्टवेअर हाताने चालवायचं यंत्र, आणि सिंक म्हणजे दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवणारं बटण. ते नेमकं काय करतं ते समजून घे. गाणं सॉफ्टवेअरमध्ये टाकलं की ते ठोके शोधतं, मिनिटाला किती ठोके पडतात ते काढतं आणि सगळ्या गाण्यावर सारख्या अंतराच्या रेषा आखतं. ही त्याची ग्रिड. सिंक दाबलं की दोन गाण्यांच्या ग्रिड एकमेकींवर बसवल्या जातात. बस्स, त्याला एवढंच येतं. संगणकावर तयार झालेल्या हाऊस किंवा टेक्नो ट्रॅकमध्ये वेग पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत एकच असतो, त्यामुळे तिथे ग्रिड चोख बसते आणि सिंकही चोख चालतं.

आता तू हळदीत काय वाजवणार ते आठव. ढोलकीवरची लावणी, हलगी, बँजो पार्टीचं रेकॉर्डिंग, कोळीगीतं, सत्तरच्या दशकातली हिंदी गाणी. ही माणसांनी हाताने वाजवलेली गाणी आहेत. ढोलकीवाला तोड्याला चढतो, पुन्हा धृपदावर येताना किंचित सैल होतो. जुन्या हिंदी गाण्यात पन्नास-साठ वादक एका खोलीत बसून वाजवत, त्यांचा वेगही श्वासासारखा खाली-वर होतो. अशा गाण्यावर ग्रिड मुखड्याला बरोबर असते आणि दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत पार घसरलेली असते. तिथे सिंक दाबलंस तर सॉफ्टवेअर चुकीच्या रेषांवर विश्वास ठेवून गाणी जोडतं, आणि दोन ठोके घोड्याच्या टापांसारखे पुढे-मागे वाजायला लागतात. स्क्रीनवर सगळं जुळलेलं दिसतं आणि मांडवात सगळं विस्कटलेलं असतं.

कोळीगीतांची अडचण आणखी वेगळी. त्यांचा प्रत्येक ठोका तीनमध्ये मोडतो, "एक-दोन-तीन, एक-दोन-तीन" असा डुलत जातो. हल्लीच्या बहुतेक डान्स गाण्यांचा ठोका चारमध्ये मोडतो. सॉफ्टवेअर अशा गाण्याचा वेग कधी १०० सांगतं, कधी १५०, कारण मुख्य ठोका कुठला आणि मधला कुठला यातच त्याची गफलत होते. आणि वेग बरोबर काढला तरी तीनची चाल चारच्या चालीवर दीर्घकाळ बसतच नाही, आतले ठोके एकमेकांना घासतात. तिथे लांबलचक मिक्स करायचाच नसतो. ओळ संपते तिथे, समेवर, एका हाताने एक गाणं काढून दुसऱ्या हाताने दुसरं टाकायचं. हे बटण करत नाही, कान करतो.

म्हणून शिकायची गरज आहे, आणि आपल्याकडे वाजवणाऱ्याला तर ती जास्तच आहे. पुढचं सगळं उत्तर मी एका कसोटीवर देतोय: या यंत्रावर तुझा कान आणि हात तयार होईल का? जो कंट्रोलर कानाने जुळवायला शिकू देतो, तो महाग वाटला तरी स्वस्त पडतो. दिवे, पॅड आणि इफेक्टची नावं बघून घेतलेला सहा महिन्यांत बदलावा लागतो.

पहिली गोष्ट, जिच्यात तडजोड नाही: आतमध्ये साऊंड कार्ड हवं आणि हेडफोनची जागा कंट्रोलरवरच हवी. लोक ऐकतायत ते एक गाणं आणि तुझ्या कानात तयार होत असलेलं दुसरं, असे दोन वेगळे आवाज एकाच वेळी बाहेर पडले पाहिजेत. साध्या लॅपटॉपला आवाज बाहेर काढायची एकच वाट असते. कंट्रोलरमधलं साऊंड कार्ड दोन वाटा देतं, एक मास्टरची, म्हणजे लोकांकडे जाणाऱ्या आवाजाची, आणि एक हेडफोनची. पायोनियरच्या डीडीजे-२०० सारख्या काही स्वस्त यंत्रांत साऊंड कार्डच नाही, तिथे दोन फाटे असलेली केबल लावून स्टिरिओचा एक एक कान वाटून घ्यावा लागतो. म्हणजे बाहेरही मोनो आणि कानातही मोनो. घरच्या सरावाला ठीक, सुपारीला नाही.

हे मी सोसून शिकलोय. माझं पहिलं यंत्र मी पुण्यात तपकीर गल्लीत फिरून, खिशातल्या पैशांत बसतंय म्हणून उचललेलं होतं. बटणं भरपूर, साऊंड कार्ड नाही, आणि ते बघायचं असतं हेही मला माहीत नव्हतं. पहिल्याच हळदीत एका गाण्याची सुरुवात संथ आलापाने होती. मला वाटलं होतं थेट ढोलकीने उघडेल. आधी ऐकायची सोयच नसल्यामुळे माझ्याबरोबर सगळ्या मांडवाने तो आलाप ऐकला. नाचणाऱ्या बायका हात खाली करून उभ्या राहिल्या, नवऱ्या मुलाच्या आत्या माझ्याकडे बघत राहिल्या. तीस-चाळीस सेकंदच असतील ते, पण पुढे अर्धा तास ते मैदान पुन्हा तापलं नाही. दुसऱ्याच आठवड्यात मी ते यंत्र विकून टाकलं.

दुसरी गोष्ट जॉग व्हील आणि पिच फेडर. जॉग म्हणजे ती गोल तबकडी, जिच्यावर हलका धक्का देऊन गाणं कणभर पुढे-मागे करतात. पिच फेडर म्हणजे वेग कमी-जास्त करायची उभी पट्टी. समज, एक गाणं १०० च्या वेगाचं आहे आणि दुसरं १००.५ वर राहिलंय. कागदावर हा फरक काहीच नाही. पण एका मिनिटात पहिल्याचे १०० ठोके पडतात आणि दुसऱ्याचे साडेशंभर, म्हणजे मिनिटाअखेर दुसरं गाणं बरोबर अर्धा ठोका पुढे गेलं. मैदानावर ते कोणालाही कळतं. हा अर्धा टक्का हाताने काढायचा तर पट्टी लांब हवी. दोन बोटांएवढ्या पट्टीवर इतकी बारीक हालचाल होत नाही, तुम्ही नेमक्या जागेच्या अलीकडे नाहीतर पलीकडेच जाता. सॉफ्टवेअरमध्ये फेडरची मर्यादा बदलता येते. ती ६ किंवा ८ टक्क्यांवर ठेवून सराव केलास तर छोट्या पट्टीवरही थोडं बारीक काम जमतं. जॉग हाताच्या पंज्याएवढा असला की बरं. काचेच्या ग्लासाच्या बुडाएवढे जॉग असलेली पिटुकली यंत्रं येतात. प्रवासात बॅगेत टाकायला ती छान आहेत, पण हात त्यांच्यावर तयार होत नाही.

तिसरी गोष्ट प्रत्येक चॅनेलचे नॉब. हाय, मिड, लो असे तीन ईक्यू, म्हणजे बारीक, मधला आणि जाड आवाज वेगवेगळा कमी-जास्त करणारे नॉब, आणि त्यांच्या वर गेन किंवा ट्रिम नावाचा चौथा. तीन ईक्यूंबद्दल सगळे बोलतात. दोन गाण्यांचे बेस एकत्र आले की आवाज गढूळ होतो, म्हणून एकाचा लो खाली घेत दुसऱ्याचा वर आणायचा, हे तुला ॲपवरून माहीत असेल. ट्रिमबद्दल कोणी बोलत नाही आणि आपल्याकडे तोच सगळ्यात जास्त लागतो. १९७५ चं रेकॉर्डिंग आणि मागच्या महिन्यात आलेलं गाणं यांच्या मूळ आवाजातच मोठा फरक असतो. नवं गाणं ठासून भरलेलं असतं. जुन्यावरून नव्यावर आलास की आवाज अंगावर येतो, नव्यावरून जुन्यावर गेलास की मैदानाची हवाच निघते. हेडफोनमध्ये ऐकतानाच मीटर बघून ट्रिमने दोन्ही सारखे करून ठेवायचे, मग त्या चॅनेलचा आवाजाचा फेडर वर न्यायचा. ट्रिम नसलेल्या कंट्रोलरवर हे काम माऊसने करावं लागतं, आणि ऐन वेळी माऊस सापडत नाही.

चौथी गोष्ट बाहेर जाणारी वायर, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण सुपारीत सगळ्यात जास्त गोंधळ याच जागी होतो. तुझ्या बजेटमधल्या जवळपास सगळ्या कंट्रोलरना मास्टरसाठी फक्त आरसीए पिना असतात, लाल आणि पांढरी. डॉल्बीवाल्याचा मिक्सर कॅनन (तीन पिनांची एक्सएलआर) नाहीतर पी-३८ (पाव इंची जाड पिन) मागतो. तेव्हा आरसीए-टू-पी-३८ केबलचे दोन जोड नेहमी बॅगेत ठेव, एक वापरायला आणि एक तुटली तर. आरसीएची वायर शक्यतो दोन-तीन मीटरच्या वर नेऊ नकोस. ती बॅलन्स्ड नसते, म्हणजे वाटेत विजेच्या वायरींची घरघर उचलते आणि ती घरघर मग बेसच्या बॉक्समधून "घूंऽऽ" करत बाहेर येते. साऊंडवाल्याचा मिक्सर टेम्पोत आणि तू स्टेजवर, असं असेल तर मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स, म्हणजे सिग्नल बॅलन्स्ड करून देणारी छोटी डबी, लाव आणि तिथून पुढे कॅनन ने.

घरघर आली की पहिली चाचणी सोपी आहे. लॅपटॉपचा चार्जर क्षणभर काढून बघ. घरघर थांबली तर तो अर्थिंगचा लूप आहे, आणि त्याला उपाय डीआय बॉक्सच. पुष्कळ पोरं अशा वेळी चार्जरची अर्थिंगची जाड पिन तोडतात किंवा दोन पिनांचा अडॅप्टर घालून अर्थिंग उडवतात. आवाज थांबतो, हे खरं आहे. पण पावसाळ्यात, ओल्या जमिनीवर, जनरेटरच्या लाईनवर त्या पिनेशिवाय काम करणं म्हणजे जीव टांगणीला लावणं आहे. हे कधीही करू नकोस आणि कोणी "चालतं रे" म्हणालं तरी करू देऊ नकोस.

माइकचं थोडक्यात सांगतो. हळदीत दर दहा मिनिटांनी कोणीतरी येऊन "नवरीच्या मामांचं नाव घ्या" म्हणणार, त्यामुळे माइक लागतोच. कंट्रोलरवर माइकची जागा असेल तर घरी उपयोगी पडेल. कार्यक्रमात मात्र माइक साऊंडवाल्याच्या मिक्सरलाच दे. तिथे त्याला स्वतंत्र ईक्यू मिळतो, शिट्टी वाजली तर तो लगेच कापू शकतो, आणि तुझा लॅपटॉप अडकला तरी माइक चालू राहतो.

आता मॉडेल. दर दुकानागणिक आणि महिन्यागणिक हलतात, म्हणून खरेदीच्या दिवशी तीन ठिकाणी विचार.

पायोनियर डीजेचा डीडीजे-एफएलएक्स४ सध्या नवशिक्यांमध्ये सगळ्यात जास्त चालतो, आणि त्याला कारण आहे. २०२२ च्या अखेरीस तो डीडीजे-४०० च्या जागी आला. त्याची मांडणी क्लबमध्ये असणाऱ्या मोठ्या सीडीजे प्लेअर आणि डीजेएम मिक्सरसारखी आहे, म्हणजे इथे बसलेला हात पुण्या-मुंबईच्या क्लबमध्ये गेल्यावर बटणं शोधत बसत नाही. तो लॅपटॉपला जोडला की रेकॉर्डबॉक्स या त्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरचा वाजवायचा भाग फुकट उघडतो, सेराटो डीजे लाइट या दुसऱ्या सॉफ्टवेअरवरही चालतो, आणि मोबाईलवरही. प्रत्येक चॅनेलला ट्रिम आणि तिन्ही ईक्यू आहेत. उणिवाही सांगतो: पिच फेडर आखूड आहे, मास्टर फक्त आरसीए आहे आणि हेडफोनची जागा छोट्या, मोबाईलसारख्या पिनेची आहे. नवा घेतलास तर तुझ्या पंचवीस हजारांच्या वर जाईल. त्याच कंपनीचं आता अल्फाथीटा नाव चालतं, आणि त्या नावाने २०२५ मध्ये धाकटा एफएलएक्स२ आलाय. तो स्वस्त आहे, पण तुला सुपाऱ्या करायच्या आहेत, तेव्हा धाकट्यासाठी पैसे घालण्यापेक्षा चार महिने थांबून एफएलएक्स४ घे किंवा चांगला जुना बघ.

न्यूमार्कचा मिक्सट्रॅक प्रो एफएक्स मला हाताला जास्त आवडतो. जॉग सहा इंची, पिच फेडर लांब, गेन आणि तिन्ही ईक्यू जागच्या जागी, इफेक्टला दाबायच्या खटक्या आहेत. कानाने जुळवायला शिकायचं म्हटलं तर या पट्ट्यातलं हे माझ्या मते सगळ्यात मोकळं यंत्र आहे. सोबत सेराटो डीजे लाइट मिळतं. त्यात क्यू पॉइंट (गाण्यात थेट उडी मारायच्या खुणा) चारच लावता येतात आणि इफेक्ट मोजके असतात, पण पहिल्या वर्षाला तेवढं पुष्कळ झालं. पुढे सेराटो प्रो हवं झालं तर त्याचे पैसे वेगळे, हे आत्ताच डोक्यात ठेव.

फ्रान्सच्या हर्क्युलिस कंपनीच्या इनपल्स मालिकेतला ३०० हा शिकणाऱ्यासाठी मनापासून विचार करून बनवलेला आहे. जॉग आणि पिच फेडरशेजारी छोटे बाण पेटतात: वेग वाढव, कमी कर, गाणं पुढे ढकल, मागे ओढ. सिंक काम स्वतः करून टाकतं, हे बाण तुझ्याकडून करून घेतात. पहिले दोन आठवडे बाण बघून जुळव, नंतर बाण बंद करून कानाने जुळव आणि शेवटी तपासायला पुन्हा चालू कर. गावात शिकवायला कोणी नसेल तर ही फार मोठी सोय आहे. पुढे दणकट रोजच्या कामाला तो थोडा हलका वाटेल.

तू विचारलंस म्हणून माझा कौल देतो. मुख्य काम हळदी-वरातीचं असेल तर मिक्सट्रॅक प्रो एफएक्स. पुण्याच्या क्लबचं स्वप्न खरोखर पक्कं असेल तर एफएलएक्स४, कारण क्लबमध्ये जायचं तर रेकॉर्डबॉक्समध्ये गाणी तयार करून पेनड्राइव्हवर न्यायची सवय आत्तापासून लागते. आणि पैसे ताणायचे नसतील तर इनपल्स ३००. तिन्ही यंत्रांवर माणूस तयार होतो.

सॉफ्टवेअरबद्दल एक प्रामाणिक गोष्ट. आपल्या भागात निम्म्याहून जास्त लॅपटॉपवर व्हर्च्युअल डीजेची तोडलेली कॉपी असते. कोणी पेनड्राइव्हमध्ये आणून देतं आणि आपण घेतो. अशा कॉपीतून व्हायरस येतात, आणि ती नेमकी वरात वेशीत असताना बंद पडते. व्हर्च्युअल डीजे उत्तम सॉफ्टवेअर आहे, धंद्यासाठी वापरायचं तर लायसन्स घे. पैसे नसतील तर मिक्स नावाचं पूर्णपणे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे, शेवटी तीन एक्स असलेलं. ते विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं, खूप कंट्रोलर ओळखतं, आणि जुन्या लॅपटॉपवर जड होत नाही.

भावाच्या लॅपटॉपचं तू वर्णन केलं नाहीस. आठ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर निर्धास्त राहा. फिरती हार्ड डिस्क असेल तर कंट्रोलरच्या आधी एसएसडी बसवून घे, तालुक्याच्या दुकानात तासाभराचं काम आहे. बास हादरत असलेल्या स्टेजवर फिरती डिस्क ठेवणं तसंही बरं नव्हे. वाजवताना वायफाय बंद, विंडोजचा अपडेट थांबवलेला, आणि पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी आपोआप झोपवणारा पर्याय बंद. आवाजात टिक-टिक येत असेल तर सॉफ्टवेअरमधला बफर, म्हणजे आवाज आधी साठवून घ्यायची जागा, एक पायरी वाढव. खूप वाढवलास तर जॉगला हात लावल्यापासून आवाज बदलेपर्यंत वेळ लागायला लागतो, तेव्हा टिक-टिक थांबते त्या पहिल्या पायरीवर ठेव. गाणी स्वतःच्या डिस्कवर, शक्यतो ३२० केबीपीएसची ठेव. स्ट्रीमिंगवर विसंबू नकोस. २०२० मध्ये स्पॉटिफायने डीजे सॉफ्टवेअरमधून माघार घेतली तेव्हा त्यावर याद्या बांधून बसलेल्यांना नव्याने सुरुवात करावी लागली. शिवाय आपल्या मंगल कार्यालयांत रेंज कुठे असते!

सगळे पंचवीस हजार कंट्रोलरमध्ये घालू नकोस. दोन-तीन हजार हेडफोनला आणि हजारभर केबलींना बाजूला काढ. हेडफोन वायरचाच हवा, कान पूर्ण झाकणारा, मागून बंद. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज उशिरा पोचतो, त्यावर बीट जुळवणं अशक्य आहे. घरच्या सरावाला स्पीकरसाठी आत्ता खर्च करू नकोस, घरातल्या कुठल्याही म्युझिक सिस्टीमच्या ऑक्सला आरसीएची वायर जोड, झालं.

हेडफोनवरून एक आठवलं, आणि हे मी तळमळीने सांगतोय. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास काम केलं तर कानाला धोका सुरू होतो, आणि त्यावर दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा होत जातो. शंभर डेसिबलवर हिशोब पंधरा मिनिटांवर येतो. डॉल्बीच्या भिंतीसमोर आवाज याच्याही वर असतो. माझ्याबरोबर सुरुवात केलेल्या दोघांच्या कानात आज रात्रंदिवस शिट्टी वाजते. शे-दोनशे रुपयांचे इअरप्लग घे, स्टेजवर बॉक्सच्या मागे उभा राहा, हेडफोन एका कानालाच लाव आणि आवाज ऐकू येण्यापुरताच ठेव.

जुना कंट्रोलर घ्यायचा असेल तर डीडीजे-४०० अजूनही उत्तम आहे, रेकॉर्डबॉक्स त्याच्यावरही फुकट उघडतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जा, नाहीतर ओळखीतून घे, पण स्वतःचा लॅपटॉप आणि हेडफोन घेऊन जा आणि तिथेच जोडून बघ. प्ले आणि क्यू ही दोन बटणं पन्नास-पन्नास वेळा दाब, सगळ्यात आधी तीच थकतात. जॉगच्या वरच्या भागाला चारही बाजूंनी हलका स्पर्श कर, प्रत्येक ठिकाणी गाणं थांबलं पाहिजे. यूएसबीची पिन लावून हळूच हलव, कनेक्शन तुटलं तर घेऊ नकोस. मग एक गाणं चालू ठेवून त्याचा फेडर पूर्ण खाली आण आणि हेडफोनमध्ये मास्टर ऐक. अगदी बारीक आवाज येत राहिला तर फेडर झिजलाय किंवा आत धूळ आहे.

आपल्याकडे ती धूळ बहुतेक वेळा गुलाल असतो. एका ओळखीच्या पोराचा कंट्रोलर गणपतीनंतर माझ्याकडे आला होता, क्रॉसफेडर, म्हणजे एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारी आडवी पट्टी, मध्येच आवाज सोडत होता. खालचे स्क्रू काढून पॅनेल उचललं तर फेडरच्या खाचेत गुलाबी गाळ साचलेला, पावसाच्या दमटपणाने चिकट झालेला. कानकोरण्याएवढ्या ब्रशने आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने अर्धा तास साफ केल्यावर पट्टी पुन्हा पहिल्यासारखी सरकली. जेजुरीकडच्या कार्यक्रमांत हीच गत भंडाऱ्याची होते, आणि हळद तर जास्तच चिवट. म्हणून घेशील त्या दिवसापासून कडक प्लॅस्टिकचं झाकण घे, आणि वरातीत एक पातळ सुती फडकं जवळ ठेव. वाजवत नसलेला भाग त्याने झाकायचा.

सरावाची पद्धतही सांगतो, कारण यंत्र आल्यावर पहिल्या दिवशी काय करायचं हे कोणी सांगत नाही. एकच गाणं दोन्ही बाजूंना टाक. सिंक बंद. लॅपटॉपच्या स्क्रीनवर वेगाचा आकडा आणि लहरी दिसतात तिथे वहीचा पुठ्ठा लाव. एका बाजूचा पिच फेडर डोळे मिटून हलव. आता कानाने ओळख: हेडफोनमधलं गाणं पुढे पळतंय की मागे राहतंय? पहिल्या दिवशी कळणार नाही. आठवड्याने पुढे-मागे कळेल, तीन आठवड्यांनी किती ते कळेल. मग वेगळी दोन गाणी घे, दोन्ही संगणकावर बनलेली, स्थिर वेगाची. ती जमली की एका बाजूला ढोलकीचं गाणं टाक. तिथे एकदा जुळवून हात काढून घेता येत नाही, ढोलकीवाला चढला की तुझा हात जॉगवर त्याच्याबरोबर चढला पाहिजे. रोज पाऊण तास, तीन महिने. त्यानंतर पुठ्ठा काढलास तरी तुझी नजर स्क्रीनकडे कमी आणि मैदानाकडे जास्त राहील.

सुपारी घेताना एक विचारायचं विसरू नकोस: वेळ किती वाजेपर्यंत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद हा नियम २००० सालापासून आहे आणि वर्षातल्या ठराविक दिवसांनाच सरकार बारापर्यंत सूट देतं. शेवटची वीस मिनिटं त्या हिशोबाने आधीच बांधून ठेव, म्हणजे पोलीस येऊन प्लग काढायच्या आत तू स्वतः शेवटचं गाणं खाली आणलेलं असेल.

लॅपटॉपचं मॉडेल आणि रॅम किती आहे ते कळव. एसएसडी लागणार असेल तर तो खर्च धरून पंचवीस हजारांची विभागणी नव्याने करू.